चर्चचं छप्पर आणि मे महिन्यातली विहीर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पर्यावरणासाठी चर्चने काय करावं, हा विषय वसईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या पॅरिशमध्ये) आता नवा राहिलेला नाही. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ सृष्टीच्या जपणुकीसाठी पाळला जातो. कॉन्स्टॅन्टिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. पुढे ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं परिपत्रक निघालं त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही लागू केला. ४ ऑक्टोबर हा तर असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. या पाच आठवड्यांत प्रवचनं होतात, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात, मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) रोपं वाटली जातात. हे सगळं व्हायलाच हवं. पण वसईपुरतं बोलायचं तर तोवर पाऊस ओसरत आलेला असतो. जूनपासून छपरावर पडलेलं पाणी गटारातून खाडीला मिळालेलं असतं आणि ते अडवायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की वसईच्या चर्चसाठी या कामाचा हंगाम उपवासकाळ हा आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस मिळतात, त्यानंतर मे महिना मिळतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात असतो. पन्हळी, टाक्या, विहिरी, बावखलं (वाडीतली खोदलेली तळी) यांची कामं एवढ्याच अवधीत होतात. आणि ती झाली की नाही हे ठरवायचं माप एकच: पुढच्या मे महिन्यात चर्चच्या आवारातल्या विहिरीला पाणी किती आहे आणि ते गोडं आहे की मचूळ. किती रोपं लावली हा आकडा जूनमध्ये छान दिसतो. विहिरीचा आकडा मे महिन्यात खरं काय ते सांगतो.

पाण्यापासूनच सुरुवात का, तर वसईत हवामानबदल सर्वांत आधी विहिरीत दिसतो. किनारपट्टीच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, एवढ्याच फरकावर सगळा तोल उभा आहे. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट उभं असेल, तर सपाटीखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी तग धरतं. याची उलट बाजू भयंकर आहे. उपसा करून पाण्याची पातळी कायमची एक फुटाने खाली आणली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकतं. समुद्राची पातळी वाढते आहे, पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडून मोकळा होतो आहे, आणि वर्षानुवर्षं टँकरसाठी उपसा झालेला आहे. या तिन्ही गोष्टी त्या एका फुटावर येऊन आदळतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तेव्हाही हिरवा पट्टा आणि विहिरी हेच भांडणाचं मूळ होतं. ती लढाई रस्त्यावरची होती. आज तिच्या जोडीला आवारातली, रोजची, मोजमापाची कामं हवीत, आणि ती करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

पहिलं काम मोजण्याचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी पंप चालू करण्याआधी, माप घ्यावं. पंप चालवून नळाखाली भांडं धरलं तर मिसळलेल्या पाण्याचं माप मिळतं आणि ते फसवं असतं. पाणी दोन ठिकाणचं हवं: पृष्ठभागावरचं आणि तळाजवळचं. तळाचं पाणी काढायची साधी युक्ती अशी. काचेच्या बाटलीला खाली दगड बांधायचा, तोंडाला सैलसर बूच लावायचं, बुचाला वेगळी सुतळी बांधायची. बाटली तळाजवळ पोचली की बुचाची सुतळी झटक्याने ओढायची, बुडबुडे थांबले की बाटली वर घ्यायची. वर ४०० आणि खाली १,४०० असा फरक आला, तर खारं पाणी विहिरीच्या तळाला टेकलं आहे असं समजावं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. वर्षभराचे बारा आकडे चर्चच्या सूचनाफलकावर लागले पाहिजेत. वर्गणीचा हिशेब लागतो, तसा पाण्याचाही लागावा.

तळाशी खारेपणा दिसला की लोक पहिली चूक करतात ती विहीर खोल करण्याची, आणि दुसरी शेजारी बोअर मारण्याची. दोन्हींनी खारं पाणी लवकर वर येतं. उपाय उलटा आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपाचं खालचं तोंड) तळापासून किमान दीड मीटर वर उचलावा, तीन अश्वशक्तीच्या जागी एक अश्वशक्तीचा पंप बसवावा, अर्धा तास उपसून दोन-तीन तास विहिरीला उसंत द्यावी. टाकी भरायला सकाळचा एक तास जास्त लागतो, पण पाणी वरच्या थरातलं, गोडं येतं.

आता छप्पर. चर्चचं छप्पर हे बहुतेक गावांतलं सर्वांत मोठं एकसंध छप्पर असतं. जमिनीवर पडणाऱ्या त्याच्या सावलीएवढं क्षेत्र मोजायचं. उतरत्या बाजूची लांबी धरली तर आकडा फुगतो. समजा हे क्षेत्र ४०० चौरस मीटर आहे. वसईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटर पाऊस सहज होतो. मंगलोरी कौलं थोडं पाणी शोषतात, थोडं उडतं, म्हणून ऐंशी टक्के हाती लागतं असं धरू. ४०० गुणिले २ गुणिले ०.८ म्हणजे ६४० घनमीटर, अर्थात ६ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात चौसष्ट टँकर. हे एवढं पाणी साठवायची टाकी कोणी बांधू नये, तो खर्च वाया आहे. ते विहिरीत आणि बावखलात उतरवायचं, जमीन ते सांभाळते.

पन्हळ आणि पाइप इथे कंजुषी केली की सगळं बिघडतं. किनाऱ्यालगत पत्र्याच्या पन्हळी खाऱ्या हवेने गंजून पाच-सात वर्षांत गळू लागतात, म्हणून पीव्हीसीच्या घ्याव्यात. आधाराचे हुक दोन-दोन फुटांवर हवेत, नाहीतर भर पावसात पन्हळ वजनाने लवते आणि पाणी मधूनच सांडतं. उतार शंभराला एक. तासाला शंभर मिलिमीटरची सर धरली, तर चार इंची उभा पाइप साधारण चाळीस चौरस मीटर छपराला पुरतो, म्हणजे आपल्या उदाहरणात दहा पाइप. बहुतेक ठिकाणी चारच बसवलेले असतात, मग मोठ्या सरीत पन्हळ भरून भिंतीवर पाणी येतं, ओल धरते आणि पुढच्या वर्षी कोणीतरी ‘ही योजना फसली’ असं म्हणून पाइप काढून टाकतं. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचं छप्पर असेल तर ते पाणी पिण्याच्या विहिरीत सोडू नये, बावखलाकडे वळवावं.

छपराचं पाणी विहिरीत जाण्याआधी गाळायचं. त्यासाठीचं गाळणीचं कुंड दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल असावं. तळाला तीस सेंटिमीटर मोठे दगड, मुठीएवढे. त्यावर तीस सेंटिमीटर खडी. त्यावर नायलॉनची जाळी आणि तिच्यावर तीस सेंटिमीटर जाड वाळू. वरचे साठ सेंटिमीटर मोकळे, पाणी चढायला. वाळू सर्वांत वर ठेवायची, कारण गाळ तिच्यावरच अडतो आणि पावसाळ्यात दोनदा फावड्याने वरचा दोन बोटं थर खरवडून टाकला की गाळणी पुन्हा वाहती होते. वाळू खाली गेली तर सगळं कुंड उपसावं लागतं. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यातलं मीठ विहिरीत जातं. क्रशरची वाळू वापरायची तर पाणी निवळ दिसेपर्यंत धुवावी. तिची भुकटी पहिल्याच पावसात कुंड बंद पाडते. पाणी पडतं तिथे वाळूवर एक सपाट फरशी ठेवावी, नाहीतर धारेने खड्डा पडून पाणी न गाळताच खाली जातं. कुंडाच्या वरच्या कडेला सहा इंची सांडवा हवाच आणि तो बावखलाला जोडलेला हवा. तासाला साठ मिलिमीटरची सर आली तर या छपरावरून वीस हजार लिटरच्या आसपास पाणी तासाभरात येतं, आणि तेवढं सगळं वाळूतून जात नाही.

सुरुवातीचं पाणी सोडून देणं सर्वांत महत्त्वाचं. आठ महिन्यांची धूळ, पारव्यांची घाण, शेवाळ, सुकी पानं, हे सगळं पहिल्या तीन-चार दिवसांच्या पावसात धुऊन निघतं. त्यासाठी पाइपला बाजूला काढणारा व्हॉल्व्ह असतो. बिघाड होतो तो माणसाकडून: एका वर्षी व्हॉल्व्ह उघडायचाच राहतो आणि घाण विहिरीत जाते, दुसऱ्या वर्षी बंद करायचा राहतो आणि अख्खा पावसाळा गटारात जातो. व्हॉल्व्हशेजारी त्या वर्षी जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव रंगाने लिहावं आणि रविवारच्या सूचनांमध्ये ‘व्हॉल्व्ह बंद केला’ हे जाहीर करावं. पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली तर पुन्हा पहिलं एक मिलिमीटर, म्हणजे आपल्या छपराचं ४०० लिटर पाणी, सोडून द्यावं. शौचालयाच्या टाकीपासून विहीर किमान पंधरा मीटर लांब असली पाहिजे, आणि दफनभूमीच्या उताराखालची विहीर पिण्यासाठी धरूच नये.

बावखलांविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात आणि त्या चांगल्या हेतूने होतात. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात थांबतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. पूर्वी त्यावर रहाट असत आणि केळी, पानवेल, फुलांच्या वाड्या त्यावर भिजत. रहाट गेले, पंप आले, बावखलं दुर्लक्षित झाली, काही भरावाखाली गेली, काहींत सांडपाणी सोडलं गेलं. आता निधी येतो तो ‘सुशोभीकरणा’साठी: चहूबाजूंनी काँक्रीटच्या भिंती, कडेने फरशी, मध्ये कारंजं. ते तळं मग पाणी मुरवत नाही, नुसतं धरून ठेवतं. धर्मग्रामाने असा प्रस्ताव स्वीकारू नये. कडा ढासळत असतील तर सुक्या दगडांची रचाई करावी, सिमेंट न घालता, म्हणजे फटींतून पाणी आत-बाहेर करतं आणि बेडूक-कासवांनाही वर येता येतं. एक बाजू उतरती ठेवावी.

गाळ एप्रिलअखेर ते मेमध्यापर्यंत काढावा. शक्य तिथे घमेल्या-फावड्याने; जेसीबी लावायचाच असेल तर मूळ तळ सापडला की थांबवावा. जुना तळ काळ्या चिकण थराने ओळखू येतो. तो थर फोडून आणखी खोल गेलं की किनाऱ्याजवळच्या गावांत खालून खारं पाणी फुटतं, आणि मग ते बावखल शेजारच्या विहिरीही नासवतं. निघालेला गाळ डंपरने बाहेर पाठवू नये. वाडीच्या बागायतीला त्याहून चांगलं खत नाही. जलपर्णी एकदा काढून भागत नाही; पहिल्या दोन वर्षांत दर पंधरा दिवसांनी काढावी लागते आणि काठावर न टाकता दूर वाळवावी लागते, नाहीतर पहिल्या पावसाबरोबर ती परत पाण्यात उतरते. आणि हात लावण्याआधी सातबारा आणि गावनकाशा काढावा. पुष्कळ बावखलं खासगी आहेत, चार-सहा वारसांची सामाईक आहेत. सगळ्यांची लेखी संमती नसताना काम सुरू केलं तर निम्म्यावर थांबतं आणि गावात वितुष्ट येतं ते वेगळं. इथे धर्मगुरूंचा शब्द उपयोगी पडतो. वारसांना एका टेबलाशी बसवणं हे कंत्राटदाराला जमणारं काम नाही.

आवारातल्या पेव्हर ब्लॉकबद्दलही बोललं पाहिजे. गाड्या लावायला सोयीचं म्हणून चर्चचं पूर्ण आवार, अगदी झाडांच्या बुंध्यापर्यंत, फरसबंद झालेलं दिसतं. झाडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी हवी. गाड्यांच्या जागेलाही मध्ये भोकं असलेले, गवत उगवू देणारे ब्लॉक मिळतात. दफनभूमीतल्या सिमेंटच्या वाटांनाही हेच लागू आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार काही दिवस पाण्याखाली होतं. तसा पूर पुन्हा येणार हे धरूनच चालायला हवं. चर्चचं सभागृह आसरा म्हणून वापरायचं तर विजेचं मीटर आणि इन्व्हर्टर जमिनीलगत ठेवून चालणार नाही. त्या वेळच्या पाण्याची खूण भिंतीवर शोधून तिच्या तीन फूट वर ते बसवावेत. पूर ओसरला की गावातल्या विहिरी निर्जंतुक करायच्या. विहिरीत पाणी किती ते आधी काढावं: व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे पस्तीस ग्रॅम. पण पुराचं गढूळ पाणी शिरलं असेल तर आधी उपसा, मग हे प्रमाण दुप्पट. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून दहा मिनिटं थांबावं, चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खाली-वर हलवावी. चुन्याचा गाळ विहिरीत गेला तर पाणी जड होतं, डाळ शिजत नाही. तासाभराने पाणी वापरायला हरकत नाही. उघडी पडलेली, ओल धरलेली जुनी पावडर निकामी असते. हवाबंद डब्यावर खरेदीची तारीख लिहून ठेवावी.

विजेबद्दल थोडक्यात, कारण इथे उत्साह जास्त आणि हिशेब कमी दिसतो. चर्चमधले चाळीस पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवले, तर पंख्यामागे ७५ वॉटऐवजी ३० वॉट लागतात. पण चर्चमध्ये पंखे आठवड्याला दहा तास चालतात. बचत वर्षाला साडेनऊशे युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये आणि पंख्याला तीन हजार धरले तर पैसे वसूल व्हायला तेरा वर्षं लागतात. तेच पंखे शाळेत, रोज आठ तास चालणाऱ्या वर्गांत बसवले तर चार वर्षांच्या आत वसूल होतात, वसतिगृहात किंवा धर्मगुरुनिवासात त्याहून लवकर. आधी तिथे बदला. सौरऊर्जेचंही तसंच. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट, हे गणित पक्कं. पण चर्चचा वापर रविवारचा, त्यामुळे नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याची सोय) नसेल तर सहा दिवसांची वीज फुकट जाते. पाच किलोवॉट जुन्या कौलांच्या लाकडी वाशांवर चढवण्यापेक्षा शाळेच्या किंवा सभागृहाच्या स्लॅबवर ठेवावेत. सांगाडा गरम झिंकमध्ये बुडवून काढलेलाच घ्यावा, नुसता रंग दिलेला लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत टिकत नाही. आणि जानेवारीत सकाळी नऊ व दुपारी चार वाजता घंटाघराची सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्यावं. एका पॅनलवर पडलेली सावली रांगेतल्या सगळ्या पॅनलांचं उत्पादन खाली ओढते. ग्रिडच्या वीजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. पाच किलोवॉटचे वर्षाला सात हजार युनिट म्हणजे पाच टनांच्या आसपास. सभागृहाला एसी बसवायचा विचार असेल, तर आधी वरची झरोकी उघडून पाहावीत; कित्येक ठिकाणी ती पारव्यांमुळे कायमची बंद केलेली असतात, आणि जाळी लावली की प्रश्न सुटतो.

सण आणि लग्नाच्या जेवणावळींना स्टीलची ताटं हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. फसतो तो धुण्यावर. एका ताट-वाटी-पेल्याला नळाखाली तीन लिटर पाणी जातं, तीन टबांच्या पद्धतीत ते निम्म्यावर येतं: पहिल्यात खरकटं निपटून भिजवणं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात खळखळून धुणं. धुणाऱ्यांची मजुरी भाड्यातच धरावी. ती न धरल्यास ते काम धर्मग्रामाच्या बायकांच्या गळ्यात पडतं आणि दोन सणांनंतर थर्माकोलच्या जागी आलेल्या कागदी प्लेटा परत येतात. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, ते कुजत नाहीत.

वेदीच्या सजावटीतला हिरवा फोम बंद करावा. तो प्लॅस्टिकच आहे, हातात चुरतो आणि बारीक कण होऊन मातीत-पाण्यात राहतो. वसईत त्याला घरचा पर्याय आहे: केळीचा घड उतरवला की उरणारा बुंधा. हातभर तुकडा कापायचा, खालची बाजू सपाट करायची, खिळ्याने भोकं पाडून देठ खोचायचे. बुंध्यातल्या पाण्यावर मोगरा, चाफा, जास्वंदीची पानं शनिवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत ताजी राहतात, आणि सोमवारी ते सगळं खतात जातं. फक्त सॅटिनच्या फिती आणि मेणाचे थेंब आधी वेगळे करावे लागतात. झावळ्यांच्या रविवारसाठी माडाचा मधला कोंब छाटू नये. तो गेला की माड मरतो. नाताळच्या गव्हाणीला पेंढा, बांबू, कागद पुरेसा आहे. थर्माकोलची सजावट तशीही १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे.

दफनाचा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. जागा अपुरी असल्याने कबरी काही वर्षांनी पुन्हा वापराव्या लागतात. पॉलिशची पेटी, आत प्लॅस्टिकचं अस्तर, अंगावर पॉलिएस्टरचा सूट किंवा नायलॉनची साडी. पावसाळ्यात पाणी भरलेल्या खड्ड्यात हे सगळं वर्षानुवर्षं कुजत नाही. वसई धर्मप्रांतातल्या काही धर्मग्रामांनी पेटी सोडून सुती कापडात दफन स्वीकारलं आहे. अंत्ययात्रेसाठी चर्चच्या मालकीची एक चांगली पेटी ठेवावी, जी परत येते. देह सुती कफनात, बूट आणि कृत्रिम धाग्याचे कपडे काढून, थेट मातीत. हा निर्णय शोकाच्या घरी सांगायचा नसतो. वर्षभर आधी धर्मग्राम परिषदेत चर्चा व्हावी, ज्येष्ठांनी स्वतःची इच्छा लिहून द्यावी, म्हणजे त्या दिवशी मुलांवर ‘पैसे वाचवले’ असा ठपका येत नाही.

देशावरच्या मंडळ्यांना यातलं विहिरीचं गणित जसंच्या तसं लागू होणार नाही. तिथे प्रश्न खारेपणाचा नसून उघड्या डोंगरउतारांचा आहे, आणि त्यांच्यासमोर स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं काम आहे. त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला. त्यांची रीत माथ्यापासून पायथ्याकडे येण्याची: आधी डोंगरावर समपातळीत चर, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल, मग ओघळींना दगडी बांध, सर्वांत शेवटी नाल्यावरचा बंधारा. बंधारा आधी बांधला तर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य असल्याशिवाय गावात काम सुरू व्हायचं नाही. मिशनच्या जुन्या आवारांत जिथे उताराची, माळाची जमीन पडून आहे, तिथे हे आजही करता येण्याजोगं आहे.

या सगळ्यातला कच्चा दुवा आम्हांला बदल्यांमध्ये दिसतो. उत्साही धर्मगुरू येतात, काम उभं राहतं, काही वर्षांनी त्यांची बदली होते आणि व्हॉल्व्ह कुठे आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक धर्मग्रामात एक नोंदवही असावी: पाइपांचा नकाशा, गाळणीचे थर, पंपाची खोली, दरमहाची टीडीएस मापं, बारा महिन्यांची वीजबिलं, रोपं कुठे लावली आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोण घालतं. जमाखर्चाच्या वह्यांबरोबर ती नव्या धर्मगुरूंच्या हाती सोपवली जावी आणि धर्मप्रांताच्या तपासणीत तिच्यावरही सही व्हावी. देखभालीसाठी वार्षिक अंदाजपत्रकात ठरलेली रक्कम हवी. वाळू खरवडण्याची मजुरी, पन्हळीचे हुक, मीटरची बॅटरी एवढ्यासाठी दरवेळी देणगीदार शोधावा लागू नये.

संपादक महोदय, आपण धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे उन्हाळ्यात नियमित छापता. वसईच्या धर्मग्रामांनी आपापल्या विहिरींची वरची आणि तळाची मापं १ मे रोजी घेऊन कळवली, तर ती एका छोट्या चौकटीत गाववार छापाल का? १ मे रोजी सकाळी, पंप सुरू होण्याआधी घेतलेली मापं आपल्याकडे पोचवण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपले,
वसईच्या धर्मग्रामांत पाणी आणि पर्यावरणाचं काम करणारे कार्यकर्ते
वसई, जि. पालघर